काळोखाचा भूगोल : आकाशदर्शनासाठी स्थळ कसे निवडावे

आकाशदर्शनासाठी जगातील उत्तम स्थळे कोणती, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या यादीच्या रूपात दिले जाते, आणि त्या यादीत चिलेचे वाळवंट, हवाईचे शिखर, नामिबियाची माळराने व अलीकडे लडाखमधील हानले ही नावे ठरलेली असतात. ही नावे चुकीची नाहीत. परंतु एकाला उत्कृष्ट वाटलेली जागा दुसऱ्याच्या उपयोगाची नसते, आणि तीच जागा त्याच माणसाला एका महिन्यात भरभरून देते व दुसऱ्या महिन्यात रिकाम्या हाताने परत पाठवते, ही गोष्ट यादीतून कळत नाही. स्थळाची निवड करताना काळोख, हवा, अक्षांश आणि तिथी यांची सांगड घालावी लागते. त्यांपैकी काळोखाची चर्चा सर्वांत अधिक होते आणि अक्षांशाची सर्वांत कमी, म्हणून प्रस्तुत लेखात अक्षांशाला त्याचे वजन परत देण्याचा प्रयत्न आहे.

आकाशाच्या बाबतीत काळोख म्हणजे प्रकाशाचा संपूर्ण अभाव नव्हे. मानवी वस्तीपासून कितीही दूर गेले तरी वातावरणाच्या वरच्या थरांतील ऑक्सिजनसारखे वायू रात्री स्वतःचा अतिशय मंद प्रकाश देत असतात, ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेली धूळ सूर्यप्रकाश परावर्तित करते, आणि डोळ्यांना वेगळे न दिसणारे असंख्य तारे मिळून पार्श्वभूमी किंचित उजळतात. या नैसर्गिक उजेडाचे माप सांगताना 'प्रत' हे एकक वापरतात: प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. ही नेमकी व्याख्या १८५६ मध्ये सुचवणारे नॉर्मन पॉग्सन पुढे १८६१ पासून १८९१ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. पूर्णतः निर्मळ आणि काळोख्या आकाशाची तेजस्विता दर चौरस विकलेस सुमारे २२ प्रत भरते, आणि त्यापेक्षा हा आकडा जितका खाली येईल तितका कृत्रिम प्रकाशाचा अंमल अधिक समजावा. उपकरण हाताशी नसेल तर अमेरिकी निरीक्षक जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ वर्गांची श्रेणी पुरेशी उपयोगी पडते. तिच्यातील पहिल्या वर्गाची खूण अशी की वृश्चिक आणि धनू राशींतील आकाशगंगेच्या प्रकाशाने जमिनीवर अस्पष्ट सावली पडते. शहरी वाचकाला ही अतिशयोक्ती वाटेल. ती अतिशयोक्ती नाही.

असा पहिला वर्ग आता जगात किती थोडा उरला आहे, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम आकाशप्रकाशाच्या जागतिक नकाशासंग्रहाने दाखवून दिले. त्यानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशप्रदूषित आकाशाखाली राहतात आणि मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक भागाला घरून आकाशगंगा दिसतच नाही. त्यानंतरची स्थिती अधिक बिघडली आहे. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्यांच्या दृश्यतेवरून २०२३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार आकाशाची उजळणी दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होती, म्हणजे आठ वर्षांच्या आतच ती दुप्पट होत होती. उपग्रहांच्या मोजमापात ही वाढ एवढी दिसत नाही, याचे एक कारण असे की त्यांवरील प्रमुख संवेदक निळा प्रकाश टिपत नाहीत, आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांत नेमका तोच भरपूर असतो. शिवाय निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. संगणकावरील प्रकाशप्रदूषणाचा नकाशा पाहून जागा निवडणाऱ्याने म्हणूनच त्यावर थोडा अविश्वास राखलेला बरा.

शहरापासून किती दूर जावे, याचा एक जुना अनुभवसिद्ध नियम आहे. मर्ल वॉकर यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील शहरांवरून तो बांधला: शहराच्या दिशेला, क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध, आकाशाची वाढलेली उजळणी लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होते. अंतर दुप्पट केले की शहराचा उपद्रव साडेपाच पटींहून अधिक घटतो, आणि १० लाख वस्तीचे शहर १०० किलोमीटरवरून त्या दिशेचे आकाश सुमारे १० टक्क्यांनी उजळते. दिव्यांचे प्रकार आणि दरडोई प्रकाश आज बदललेला असल्याने या आकड्यांना वेदवाक्य मानता येत नाही, पण त्यांतून निघणारा एक धडा टिकाऊ आहे आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो. उजळणी एका दिशेला असते. म्हणून शहरापासूनच्या अंतराइतकेच शहर कोणत्या बाजूला राहते हेही पाहिले पाहिजे. उत्तर गोलार्धातील निरीक्षकाला हवे असलेले बरेचसे दुर्मीळ वैभव दक्षिण क्षितिजालगत असल्यामुळे त्याने शहराच्या दक्षिणेस जाऊन उभे राहावे, उत्तरेस नव्हे.

काळोखानंतर हवेचा विचार येतो, आणि येथे दुर्बिणींच्या गरजा व डोळ्यांच्या गरजा यांची नेहमी गल्लत होते. मोठ्या दुर्बिणीला हवी असते ती वातावरणाची स्थिरता, म्हणजे हवेच्या उष्ण-थंड थरांच्या खळबळीने ताऱ्याची प्रतिमा न थरथरणे. डोळ्याला आणि लहान द्विनेत्रीला हवी असते ती पारदर्शकता, म्हणजे हवेत बाष्प, धूर व धूळ यांचे प्रमाण कमी असणे. उंच डोंगरावर या दोन्ही गोष्टी साधतील, असा तर्क न्यूटनने १७०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात मांडला होता, आणि तो प्रत्यक्ष तपासण्यासाठी स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ १८५६ चा उन्हाळा कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या डोंगरावर दुर्बिणी घेऊन राहिले. त्यांच्या प्रयोगाने तर्क खरा ठरवला, १८८८ मध्ये कॅलिफोर्नियात लिक वेधशाळा कायमस्वरूपी डोंगरमाथ्यावर उभी राहिली, आणि तेव्हापासून उंची म्हणजेच उत्तम आकाश असे समीकरण रूढ झाले.

ते समीकरण दुर्बिणींपुरते खरे आहे. मानवी डोळ्याला ते लागू करताना एक अडचण येते: रात्री पाहण्याचे काम करणाऱ्या दृष्टिपटलातील दंडाकृती पेशी ऑक्सिजनच्या कमतरतेला फार संवेदनशील असतात. हवाई बेटावरील मौना केआ या ४,२०५ मीटर उंचीच्या शिखरावर जगातील काही सर्वश्रेष्ठ दुर्बिणी आहेत, परंतु तेथे नुकत्याच पोहोचलेल्या पर्यटकाला शिखरावरून जेवढे तारे दिसतात त्याहून अधिक तारे सुमारे २,८०० मीटरवरील अभ्यागत केंद्रापाशी दिसतात. थंडी आणि डोकेदुखी यांचा हिशेब वेगळाच. शिवाय मौना केआ हे हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र स्थान असून तेथील नव्या महाकाय दुर्बिणीच्या बांधकामाविरुद्ध २०१५ आणि २०१९ मध्ये मोठी आंदोलने झाली, याचे भान शिखरावर गाडी नेणाऱ्याने ठेवणे उचित आहे. साधारण दीड ते अडीच हजार मीटर उंचीची कोरडी जागा ही डोळ्यांनी पाहणाऱ्यासाठी बहुतेक वेळा सर्वांत सुखाची असते.

आता अक्षांश. पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाणाहून आकाशाचा ठरावीकच भाग दिसतो, आणि तो ताऱ्याच्या 'क्रांती'वरून, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या त्याच्या उत्तर वा दक्षिण अंतरावरून, साध्या वजाबाकीने काढता येतो. आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत, दक्षिण क्रांती २९ अंशांवर आहे. लंडनहून ते क्षितिजावर जेमतेम साडेनऊ अंश चढते, म्हणजे त्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत जवळजवळ सहापट हवा ओलांडून येतो. मुंबईहून ते ४२ अंश चढते. उत्तर चिलेतील अटाकामा वाळवंटात ते जवळपास डोक्यावर येते. युरोपीय लेखकांनी दक्षिणेच्या आकाशाविषयी लिहिलेले आश्चर्याचे उद्गार मराठी वाचकाने वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की त्यांतील निम्मे आश्चर्य त्याला घरबसल्या उपलब्ध आहे. अगस्त्य मुंबईहून १८ अंश वर येतो, ओमेगा सेंटॉरी हा आकाशातील सर्वांत तेजस्वी बंदिस्त तारकागुच्छ, म्हणजे लाखो ताऱ्यांचा गोलाकार पुंजका, २३ अंशांवर येतो, आणि त्रिशंकू तसेच मित्र व मित्रक हे तारे क्षितिजावर सुमारे दहा अंश उंचीवरून सरकत जातात.

या हिशेबाने हानलेकडे पाहिले तर चित्र बदलते. हानलेचा अक्षांश जवळजवळ ३३ अंश उत्तर आहे. तेथील माउंट सरस्वतीवर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा असून दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटे येथून उपग्रहाद्वारे चालवली जाते. मुंबईच्या आयआयटीचा सहभाग असलेली ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीणही तेथेच आहे. काळोख, कोरडी हवा आणि पावसाळ्यातही बऱ्याच अंशी मोकळे राहणारे आकाश या तिन्ही बाबतींत भारतात हानलेला तोड नाही. पण तेथून मित्र तारा कधीच उगवत नाही, त्रिशंकू क्षितिजाखालीच राहतो, अगस्त्य जेमतेम चार-साडेचार अंश वर येतो, आणि कोकणातल्या मच्छीमाराला दिसणारे आकाश हानलेच्या निरीक्षकाला नाकारले जाते. वेणू बापू यांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेची जागा १९६० च्या दशकात त्यांनीच निवडली तेव्हा तिची उंची अवघी सव्वासातशे मीटर होती. पण अक्षांश साडेबारा अंश होता, आणि दक्षिण आकाशाचा आवाका हे त्या निवडीमागचे एक प्रमुख कारण होते.

दक्षिण गोलार्धात गेल्यावर जे नव्याने मिळते त्यात दोन मॅजेलनचे मेघ पहिले. या आपल्या आकाशगंगेच्या सोबतिणी असलेल्या दोन लहान दीर्घिका आहेत. त्यांपैकी मोठा मेघ मुंबईहून क्षितिजावर एक-दोन अंश येतो, म्हणजे व्यवहारात दिसत नाही, आणि लहान मेघ उगवतच नाही. दुसरी गोष्ट आकाशगंगेतील काळ्या धुळीचे आकार. तेथील आकाशगंगा इतकी उजळ दिसते की तिच्यातील अंधाऱ्या पट्ट्यांनाच लोकांनी नक्षत्रे मानले: ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत त्रिशंकूशेजारचा काळा डाग हे एमू पक्ष्याचे डोके, तर अँडीज पर्वतातील लोकांच्या काळ्या लामाचे दोन डोळे म्हणजे मित्र आणि मित्रक.

अटाकामा हे या साऱ्यासाठी सर्वांत भरवशाचे ठिकाण का, याची कारणे भूगोलात आहेत. पूर्वेला अँडीज ॲमेझॉनकडून येणारे बाष्प अडवतो, पश्चिमेला हम्बोल्ट नावाचा थंड सागरी प्रवाह समुद्रालगतची हवा गार ठेवतो, त्यामुळे वर उष्ण व खाली थंड अशी तापमानाची विपरीतता तयार होऊन ढग सुमारे हजार मीटरखालीच कोंडले जातात, आणि उपोष्ण पट्ट्यातील जास्त दाबाचा प्रदेश वर्षभर आकाश निरभ्र राखतो. युरोपीय दक्षिण वेधशाळेची पारानाल ही २,६३५ मीटरवरील जागा आणि तिच्याजवळच ३,०४६ मीटरवर बांधली जात असलेली ३९ मीटर आरशाची महादुर्बीण यांची निवड याच कारणांनी झाली. सामान्य प्रवाशाने तेथे जाण्याचा हट्ट धरू नये. सॅन पेद्रो दे अटाकामा हे गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे, आणि त्याहून दक्षिणेस एल्की खोऱ्यात विकुन्या गावाजवळ मामाल्युका येथे लोकांसाठी चालवली जाणारी नगरपालिकेची वेधशाळा आहे. याच परिसरातील वेधशाळांभोवतीच्या क्षेत्राला २०१५ मध्ये कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांचे नाव देऊन जगातील पहिले आंतरराष्ट्रीय काळोख-अभयारण्य घोषित केले गेले. ऋतूबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. जून-जुलैत आकाशगंगेचे केंद्र मध्यरात्री माथ्यावर असते, पण तेव्हा मॅजेलनचे मेघ दक्षिणेला खाली गेलेले असतात. मेघांसाठी नोव्हेंबर-डिसेंबर चांगले, तर तेव्हा केंद्र सूर्यासोबत मावळलेले असते. आणि जानेवारी-फेब्रुवारीत अँडीजच्या बाजूने उन्हाळी ढग येतात. दोन्ही हवे असणाऱ्याने एप्रिल-मे निवडावा. इतकी उत्तम जागाही निर्धास्त नाही: पारानालपासून काही किलोमीटरवर प्रस्तावित झालेल्या औद्योगिक संकुलाविरुद्ध युरोपीय दक्षिण वेधशाळेला जानेवारी २०२५ मध्ये जाहीर आक्षेप घ्यावा लागला.

नामिबियाचे आकाश अटाकामाच्या तोडीचे आहे. तेथेही थंड बेंग्वेला प्रवाहामुळे किनाऱ्यावर धुके साचते, म्हणून किनारा सोडून आत जावे. २०१२ मध्ये मान्यता मिळालेले नामिबरँड राखीव क्षेत्र आणि मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ उत्तम. न्यूझीलंडमधील ओराकी मॅकेन्झी क्षेत्र ४,३०० चौरस किलोमीटरहून मोठे असून ४४ अंश दक्षिण अक्षांशामुळे तेथून त्रिशंकू आणि दोन्ही मेघ कधीच मावळत नाहीत, मात्र ढगांचा धोका अधिक. तेथे माउंट जॉन वेधशाळेसाठी रस्त्यावरील दिव्यांचे नियम १९८० च्या दशकाच्या आरंभापासून लागू आहेत.

काळोख हा केवळ ओसाडपणाचा परिणाम नसून तो राखताही येतो, याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र ला पाल्मा या कॅनरी बेटावर आहे. हे वस्तीचे, शेतीचे, पर्यटकांचे बेट आहे. त्याच्या २,४०० मीटर उंचीच्या ज्वालामुखी कड्यावर १०.४ मीटर आरशाची दुर्बीण आहे, आणि व्यापारी वाऱ्यांमुळे ढगांचा थर खाली अडकून किनाऱ्यावरच्या गावांचा उजेड पुष्कळदा स्वतःच झाकून टाकतो. पण केवळ ढगांवर विसंबून न राहता स्पेनने १९८८ मध्ये खास कायदा करून तेथील दिवे, रेडिओ प्रक्षेपण, हवेचे प्रदूषण आणि विमानांचे मार्ग यांवर बंधने आणली. रस्त्यांवरील दिवे तांबूस-पिवळे आणि खाली तोंड केलेले आहेत, आणि बेटभर आकाशदर्शनासाठी आखलेल्या जागा आहेत. अक्षांश २८ अंश उत्तर असल्याने दक्षिण आकाशाच्या दृष्टीने ला पाल्मा महाराष्ट्राहूनही उणे आहे, आणि सहाराची धूळ आली की पारदर्शकता जाते. तरीही कायद्याने राखलेले आकाश कसे असते, हे पाहण्यासाठी तेथे जाणे सार्थ आहे.

भारतात हाच मार्ग दोन ठिकाणी चोखाळला गेला. हानलेभोवतीचा सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश डिसेंबर २०२२ मध्ये काळोख-राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला, आणि गावांतील तरुण-तरुणींना दुर्बिणी व प्रशिक्षण देऊन पाहुण्यांना आकाश दाखवण्याचे काम सोपवले गेले. काळोख राखल्याने गावाला उत्पन्न मिळू लागले, म्हणून ही योजना टिकण्याची शक्यता अधिक. लेहमध्ये शरीर उंचीला सरावू दिल्याशिवाय मात्र कोणी तेथे जाऊ नये. दुसरे ठिकाण महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प, ज्याला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले काळोख-उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघोडा, सिल्लारी यांसारख्या गावांतील रस्त्यांचे दिवे त्यासाठी जमिनीकडे वळवण्यात आले. पेंच नागपूरच्या उत्तरेस असल्यामुळे त्या महानगराचा उजेड नेमका दक्षिणेला येणार, ही त्याची भौगोलिक मर्यादा आहे. तरी ज्या राज्यात मुंबईकरांच्या आकाशदर्शनाची वांगणीसारखी परिचित ठिकाणे महानगराच्या प्रकाशवलयात ओढली जात आहेत, तेथे एवढे काम झाले हे थोडे नाही.

तिथीविषयी मराठी वाचकाला फारसे सांगावे लागत नाही, कारण चंद्राची स्थिती त्याच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत छापलेलीच असते: शुक्ल पंचमीला चंद्र रात्री दहा-साडेदहाला मावळतो, कृष्ण सप्तमीला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि पौर्णिमेच्या आसपास जगातील सर्वांत काळोखी जागाही शहराच्या उपनगरासारखी होते. परदेशात स्थायिक झालेल्यांनी मात्र संधिप्रकाशाचाही विचार करावा. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय खरी रात्र होत नाही, आणि साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या उत्तरेस जूनच्या उत्तरार्धात तो तितका खाली जातच नाही; स्कॉटलंडमधील गॅलोवे हे २००९ पासूनचे काळोख-उद्यान मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आकाशदर्शनासाठी जवळपास बंदच समजावे.

आकाशगंगेचे केंद्र जूनमध्ये सूर्याच्या बरोबर समोर असते, आणि नेमका तेव्हाच महाराष्ट्रावर मान्सून उतरतो. या एका योगामुळे परदेशप्रवास एकदाच शक्य असलेल्या मराठी आकाशनिरीक्षकाने तो पावसाळ्यात, अमावास्येच्या आठवड्यात आणि दक्षिण गोलार्धात करावा; नामिबिया अंतराने जवळचा. ज्याला तेवढेही शक्य नाही त्याने चैत्र अमावास्या धरावी, जी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत केव्हातरी येते. त्या रात्री दहा ते बाराच्या दरम्यान त्रिशंकू दक्षिणेला सर्वाधिक उंचीवर असतो, त्याच्या मागोमाग ओमेगा सेंटॉरी येतो, मध्यरात्रीच्या आगेमागे धनू राशी उगवते आणि पहाटेपूर्वी आकाशगंगेचे केंद्र चाळीस अंशांपलीकडे चढलेले असते. डोळे काळोखाला सरावण्यास अर्धा तास द्यावा, मोबाइल खिशातच ठेवावा, आणि उभे राहण्याची जागा अशी शोधावी की दक्षिण क्षितिज मोकळे असेल व जवळचे मोठे शहर पाठीमागे, उत्तरेस, राहील.